हाड बसवलं की नुसतं बांधलं?

वैद्यकीय निष्काळजीपणावरचं कुठलंही भारतीय निकालपत्र उघडा, थोडी पानं उलटली की एक नाव हटकून येतं : डॉ. लक्ष्मण बाळकृष्ण जोशी विरुद्ध डॉ. त्र्यंबक बापू गोडबोले, सर्वोच्च न्यायालय, २ मे १९६८. कायद्याचे विद्यार्थी त्यातला डॉक्टरांच्या तीन कर्तव्यांचा परिच्छेद पाठ करतात आणि पुढे सरकतात. मूळ हकिगत फारशी कुणी वाचत नाही. ती कोकणच्या किनाऱ्यावर सुरू होते आणि तीन दिवसांत पुण्यात संपते. माझ्या मते या प्रकरणातलं घेण्यासारखं बहुतेक सगळं त्या हकिगतीत आहे. दावा तिथेच जिंकला गेला आणि तिथेच हरला गेला.

६ मे १९५३. रत्नागिरी जिल्ह्यातलं पालशेत, म्हणजे आजच्या गुहागर तालुक्यातलं. दिवस मावळायच्या सुमारास समुद्राच्या पुळणीवर विशीतल्या एका मुलाला अपघात झाला आणि डाव्या मांडीचं हाड मोडलं. रात्री साडेआठ-पावणेनऊला गावातले डॉक्टर आले. त्यांनी पाय हलू नये म्हणून लाकडी फळ्या बांधल्या. त्या गावात, त्या रात्री याहून जास्त काही करण्याजोगं नव्हतंच. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा पाहून गेले. मुलाची तब्येत बरी होती, त्यांनी औषध लिहून दिलं. ८ तारखेला त्यांनी मॅकइन्टायर स्प्लिंट (पाय स्थिर ठेवणारे आधार) मिळवले आणि फळ्या काढून ते बांधले. मग टॅक्सी ठरली. मध्यरात्रीनंतर एकच्या सुमारास मुलाला टेकवून बसवून, आई आणि ते गावचे डॉक्टर असे पुण्याला निघाले.

अंतर सुमारे २०० मैल. कोकणातून पुण्याला यायचं म्हणजे घाट चढणं आलंच, आणि मांडी मोडलेल्या माणसाला घाटातलं प्रत्येक वळण आणि प्रत्येक खड्डा वेगळा कळतो. ९ मे रोजी सकाळी साडेअकराच्या सुमारास टॅक्सी पुण्यात पोचली. वडील, म्हणजे डॉ. गोडबोले, स्वतः डॉक्टर, दौंडला त्यांचा व्यवसाय होता. ते आधीच पुण्यात येऊन थांबले होते. मुलाला प्रथम ताराचंद रुग्णालयात नेऊन पाय एक्स-रे यंत्राखाली पाहिला. हाडाची दोन्ही टोकं एकमेकांवर चढली होती. पिन घालून वजन लावावं लागेल असं दिसलं.

इथे जरा थांबायला हवं, कारण पुढचा सगळा वाद या एका गोष्टीवर झाला.

मांडीचं हाड हे शरीरातलं सर्वांत लांब आणि मजबूत हाड. त्याच्याभोवतीचे स्नायूही तसेच दांडगे. हाड मोडलं की हे स्नायू आखडतात आणि खालचा तुकडा वर ओढून घेतात, म्हणून टोकं एकावर एक चढतात. ती पुन्हा समोरासमोर आणायची तर स्नायूंची ही ओढ मोडून काढावी लागते. त्याला दोन रस्ते. एक म्हणजे गुडघ्याखालच्या हाडातून पोलादी पिन आरपार घालायची, तिला दोरी बांधून कप्पीवरून वजन सोडायचं आणि स्नायूंना दमवत दमवत हाड हळूहळू जागेवर येऊ द्यायचं. जुन्या लोकांनी ‘पायाला वजन लावलं’ म्हटलं की हेच म्हणायचं असतं. दुसरा रस्ता म्हणजे पेशंटला भूल द्यायची, स्नायू सैल पडले की हाताने ओढून हाड बसवायचं आणि प्लास्टर घालायचं. भूल न देता ओढलं तर स्नायू उलटे ओढतात. जितका जोर लावाल तितकी वेदना, आणि वेदनेपाठोपाठ शॉक.

हा शॉक म्हणजे बोलीतला ‘धक्का बसला’ नव्हे. रक्ताभिसरण ढासळणं, रक्तदाब कोसळणं, त्याला वैद्यक शॉक म्हणतं. मांडीचं हाड मोडलं की कातडी फाटलेली नसली तरी मांडीच्या आतच लिटर-दीड लिटर रक्त साचू शकतं. म्हणजे साडेदहा तासांचा प्रवास करून आलेला हा पोरगा आधीच त्या कड्याच्या जवळ उभा होता.

आता दुपार. डॉ. जोशी यांच्या रुग्णालयात मुलाला सव्वादोन वाजता दाखल करून घेतलं गेलं, त्यांच्या गैरहजेरीत, त्यांच्या सहायक डॉक्टरांनी. थोड्या वेळाने डॉ. जोशी आले. त्यांनी प्राथमिक तपासणी केली आणि सहायकांना सांगितलं की मॉर्फियाचा अष्टमांश ग्रेन आणि हायोसीनचा दोनशेवा भाग ग्रेन अशी दोन इंजेक्शनं तासाच्या अंतराने द्या. प्रत्यक्षात एकच दिलं गेलं. अष्टमांश ग्रेन म्हणजे आजच्या हिशेबात सुमारे ८ मिलिग्रॅम. त्याने दुखणं कमी होतं, गुंगी येते. पण मांडीचे स्नायू त्याने सैल पडत नाहीत, आणि ती भूल तर नव्हेच.

तळमजल्यावर पायाचे दोन एक्स-रे काढले. मग मुलाला वरच्या मजल्यावर ऑपरेशन थिएटरमध्ये नेलं. तिथे तो तासाहून थोडा अधिक वेळ होता. साडेपाचला पाय प्लास्टरमध्ये घालून त्याला खोलीत आणलं. सात वाजेपर्यंत मॉर्फियाची गुंगी उतरेल असं वडिलांना सांगण्यात आलं. त्या भरवशावर ते दौंडला गेले. आई मुलाजवळ थांबली.

साडेसहाच्या सुमारास आईच्या लक्षात आलं की याला श्वास घ्यायला जड जातंय आणि खोकलाही येतोय. सहायकांनी डॉ. जोशींना बोलावलं. तातडीचे उपचार सुरू झाले आणि नऊ वाजेपर्यंत चालू राहिले. नऊला मुलगा गेला. डॉक्टरांनी मृत्यूचा दाखला दिला, त्यात कारण लिहिलं : फॅट एम्बोलिझम. हाडातल्या मगजातले चरबीचे कण रक्तात उतरून फुप्फुसांत अडकणं, असा त्याचा अर्थ.

वरच्या मजल्यावरचा तास

आईवडिलांनी पुण्याच्या दिवाणी न्यायालयात नुकसानभरपाईचा दावा लावला. ग्राहक न्यायालयं तेव्हा स्वप्नातही नव्हती, ग्राहक संरक्षणाचा कायदाच १९८६ चा. म्हणजे नेहमीचा दिवाणी मार्ग : कैफियत, साक्षी, उलटतपासणी, तारखा.

वादींचं म्हणणं असं : उपचाराआधी करायला हवी ती प्राथमिक तपासणी धड केली नाही. थिएटरमध्ये पिन घालून वजन लावण्याऐवजी, भूल न देता, तीन नोकरांच्या मदतीने पाय जोराने ओढून हाड बसवलं आणि प्लास्टर घातलं. त्या ओढाताणीने शॉक बसला आणि त्यातच मुलगा गेला.

डॉक्टरांचं म्हणणं : आम्ही हाड बसवलंच नाही. पेशंटची अवस्था पाहून हाड बसवणं पुढे ढकललं, तूर्त पाय हलू नये म्हणून हलका ताण देऊन प्लास्टरने बांधला. जोर लावलेला नाही. मृत्यू फॅट एम्बोलिझमने झाला, त्यात आमचा दोष नाही.

सगळा दावा या एका प्रश्नावर येऊन उभा राहिला : थिएटरमधल्या त्या तासात हाड बसवलं की नुसतं बांधलं? मी मुद्दाम असं म्हणतो, कारण लोक ही केस ‘पिन ट्रॅक्शन की प्लास्टर’ अशी सांगतात, जणू न्यायाधीशांनी अस्थिरोगशास्त्राच्या दोन पद्धतींमधून एक निवडली. तसं झालेलं नाही. न्यायालयाने कुठली पद्धत चांगली हे ठरवलं नाही. काय घडलं, एवढंच ठरवलं.

आणि पुण्याच्या न्यायालयाने ठरवलं की हाड बसवलं गेलं होतं. मॉर्फियाच्या एका इंजेक्शनवर, भूल न देता, तीन माणसांच्या जोराने. मृत्यूचं कारण त्यातून आलेला शॉक. मुंबई उच्च न्यायालयाने हाच निष्कर्ष कायम ठेवला. फॅट एम्बोलिझमचा सिद्धान्त खरं कारण झाकायला पुढे केला गेला, इथपर्यंत मजल गेली. सर्वोच्च न्यायालयापुढे अपील आलं तेव्हा खालच्या दोन्ही न्यायालयांचं घटनांबाबत एकमत होतं, आणि अशा एकमतात सर्वोच्च न्यायालय सहसा हात घालत नाही. इथेही घातला नाही. अपील फेटाळलं.

फॅट एम्बोलिझमबद्दल डॉक्टरांच्या बाजूनेही एक गोष्ट सांगायला हवी. मांडीच्या हाडाच्या मोडीनंतर हा प्रकार खरोखर होतो, आणि बहुधा चोवीस ते बहात्तर तासांत होतो. श्वास लागणं हे त्याचं पहिलं लक्षण. अपघात ६ तारखेच्या संध्याकाळी, त्रास ९ तारखेच्या संध्याकाळी. वेळेचं गणित बसतं. म्हणजे दाखल्यावरचं कारण अगदीच हवेतलं नव्हतं. पण दिवाणी दाव्यात निर्विवाद शाबितीची अट नसते, पारडं कुठे झुकतं ते पाहायचं असतं. एका पारड्यात हे वैद्यकीय शक्यतेचं वजन. दुसऱ्यात हे : दुपारपर्यंत बोलताचालता असलेला पेशंट, भुलेविना तासभर थिएटरमध्ये, बाहेर आल्यावर तासाभरात ढासळणारी प्रकृती. आणि ज्यांनी ते कारण लिहिलं त्यांनीच ‘आम्ही हाड बसवलं नाही’ असं सांगितलेलं, जे खोटं ठरलेलं. एकदा माणसाचं एक म्हणणं पडलं की त्याच्या दुसऱ्या म्हणण्याला आधार द्यायला न्यायालय फारसं उत्सुक राहत नाही.

न केलेल्या गोष्टीचं समर्थन करता येत नाही

हा या प्रकरणाचा गाभा. सर्वोच्च न्यायालयाने या निकालात डॉक्टरांना चांगला ऐसपैस आसरा देऊन ठेवला आहे. कोणते उपचार करायचे हे ठरवण्याचं स्वातंत्र्य डॉक्टरला आहे, आणि प्रसंग तातडीचा असेल तर ते स्वातंत्र्य आणखी रुंद असतं, असं तिथे स्पष्ट म्हटलं आहे. मग या डॉक्टरांना त्या आसऱ्याला का जाता आलं नाही?

कारण त्यांनी ती निवड आपली म्हणून मांडलीच नाही. ‘मी भूल न देता हाड बसवलं, कारण इतक्या प्रवासाने थकलेल्या पेशंटला भूल देणं मला जास्त धोक्याचं वाटलं,’ असं कुणी न्यायालयात सांगितलं असतं तर प्रश्न वेगळा झाला असता. ते पटलं असतं की नाही हे सोडा, पण तो निर्णयाचा वाद झाला असता, साक्षीला दुसरे शल्यचिकित्सक आले असते, पुस्तकं उघडली गेली असती. इथे कृतीच नाकारली. मग कृती सिद्ध झाल्यावर तिच्या बाजूने बोलायला काहीच शिल्लक राहिलं नाही.

याच काळात इंग्लंडमध्ये याच्या अगदी उलट घडलं आणि तेही योगायोगाने स्नायू सैल करण्याच्याच प्रश्नावर. लंडनच्या फ्रायर्न रुग्णालयात १९५४ मध्ये एका मानसिक रुग्णाला विजेचे झटके दिले, स्नायू सैल करणारं औषध न देता. झटक्याने खुब्याजवळची हाडं मोडली. दावा झाला, तो १९५७ चा बोलॅम खटला. रुग्णालयाने काहीही नाकारलं नाही. होय, आम्ही ते औषध देत नाही, कारण त्याचे स्वतःचे धोके आहेत आणि जबाबदार डॉक्टरांचा एक गट आमच्यासारखंच करतो, असं त्यांनी सांगितलं. ज्यूरीने रुग्णालयाच्या बाजूने कौल दिला. जबाबदार व्यावसायिकांच्या एखाद्या गटाला मान्य असलेली पद्धत वापरली तर तो निष्काळजीपणा नव्हे, हा बोलॅमचा निकष आपल्याकडेही पुढे स्वीकारला गेला. दोन्ही प्रकरणांत हाडं आणि स्नायू, दोन्हींत न दिलेलं औषध. एक बाजू जिंकली, दुसरी हरली, आणि फरक बऱ्याच अंशी एवढाच की एकाने आपला निर्णय उघड्यावर ठेवला.

आता तो प्रसिद्ध परिच्छेद. जो स्वतःला उपचार करायला तयार आहे म्हणून पुढे करतो, तो आपल्यापाशी त्यापुरतं ज्ञान आणि कसब आहे असं गृहीत धरायला लावतो. त्याच्यावर तीन जबाबदाऱ्या येतात : केस हाती घ्यायची की नाही हे ठरवताना काळजी, कोणता उपचार द्यायचा हे ठरवताना काळजी, आणि तो उपचार प्रत्यक्ष देताना काळजी. यातली कुठलीही मोडली की दाव्याला जागा होते. मापही सांगितलं आहे : काळजी आणि कौशल्य वाजवी हवं. सर्वोच्च दर्जाचं नको, अगदी खालच्या दर्जाचंही चालणार नाही, आणि ते त्या त्या परिस्थितीत तोलायचं. पालशेतच्या डॉक्टरांनी फळ्या बांधल्या याला कुणीही हरकत घेतली नाही, कारण तिथे वाजवी तेवढंच होतं. पुण्यात, एक्स-रे यंत्र आणि थिएटर असलेल्या रुग्णालयात, वाजवीची रेघ वर सरकते.

तीनपैकी कुठली जबाबदारी इथे मोडली? पहिली नाही, केस घेणं योग्यच होतं. दुसरी वादग्रस्त. मोडली ती मुख्यतः तिसरी. माझ्याकडे कागद घेऊन येणारी माणसं बहुधा दुसरीवर बोट ठेवतात : ‘साहेब, त्यांनी हे ऑपरेशन करायलाच नको होतं.’ तो मुद्दा सिद्ध करणं सर्वांत अवघड, कारण तिथे डॉक्टरचं स्वातंत्र्य सर्वांत मोठं. ऑपरेशननंतर रात्रभर कोणी फिरकलंच नाही, नाडी-रक्तदाबाच्या नोंदी चार तास कोऱ्या आहेत, हे त्यांच्या लेखी किरकोळ असतं. प्रकरण बहुतेकदा तिथेच उभं राहतं.

भरपाई किती मिळाली? तीन हजार रुपये. वीस वर्षांच्या मुलाचे, पंधरा वर्षांनी. पुण्याच्या न्यायालयाने दिलेला आकडा शेवटपर्यंत तोच राहिला. त्यावर जास्त लिहिण्यासारखं नाही. वडील डॉक्टर होते, त्यांना तीन हजारांसाठी तीन न्यायालयं चढायची गरज नव्हती. आणि चढले तेही बव्हंशी बचावासाठी, अपिलं डॉ. जोशींची होती.

आज हेच झालं असतं तर

रस्ता बदलला आहे. १९९५ मध्ये इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध व्ही. पी. शांता या निकालाने पैसे घेऊन केलेले उपचार ही ग्राहक कायद्याखालची ‘सेवा’ ठरली. २०१९ च्या कायद्याखाली तक्रार कुठे लावायची हे दिलेल्या मोबदल्यावर ठरतं, मागितलेल्या भरपाईवर नाही. मोबदला ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा ग्राहक आयोग, म्हणजे व्यवहारात जवळजवळ प्रत्येक रुग्णालयाचं बिल जिल्ह्यातच बसतं. ५ लाखांपर्यंतच्या मोबदल्याला शुल्क नाही. तक्रारदार राहतो किंवा नोकरी-धंदा करतो त्या जिल्ह्यातही तक्रार लावता येते, त्यामुळे पालशेतच्या माणसाला पुण्यातल्या रुग्णालयाविरुद्ध रत्नागिरीत दाद मागता येते. पेशंट गेला असेल तर वारस तक्रार करू शकतात. मुदत दोन वर्षं. ही मुदत फार जणांची हुकते, कारण पहिलं वर्ष शोकात जातं आणि दुसरं ‘बघू, समजुतीने मिटतंय का’ यात.

पूर्णपणे मोफत, सगळ्यांनाच मोफत असलेली सेवा मात्र ग्राहक कायद्याबाहेर राहते. (काहींकडून पैसे घेऊन काहींना फुकट सेवा देणारं रुग्णालय सुटत नाही, तिथल्या फुकट पेशंटलाही ग्राहक मानतात.) म्हणून सरकारी दवाखान्यावर काहीच करता येत नाही असा एक समज पसरला आहे. तो चुकीचा. औरंगाबादच्या सिव्हिल हॉस्पिटलात १९६३ च्या जुलैमध्ये बाळंतपणानंतर एका बाईची नसबंदीची शस्त्रक्रिया झाली आणि पोटात कापडाचा बोळा राहिला. पू झाला, पोट पुन्हा उघडलं, बाई दगावली. अच्युतराव हरिभाऊ खोडवा विरुद्ध महाराष्ट्र राज्य या नावाने ते प्रकरण दिवाणी न्यायालयातून उच्च न्यायालयात गेलं, तिथे उलटलं, आणि १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खालच्या न्यायालयाचा ३६,००० रुपयांचा हुकूमनामा पुन्हा कायम केला. सरकार आपल्या डॉक्टरांच्या चुकीला जबाबदार आहे, हेही सांगितलं. पोटात बोळा सापडला की वेगळं सिद्ध काय करायचं? तिथे वस्तुस्थितीच बोलते. जोशी-गोडबोले प्रकरणात तशी बोलकी वस्तू नव्हती. मांडी ओढली गेली याची खूण मांडीवर राहत नाही.

म्हणूनच आज त्या तासाचा निकाल कागद लावतील. भूल दिली की नाही, कोणी दिली, किती वाजता, नाडी-रक्तदाब किती, हे भुलेच्या नोंदपत्रकावर असायला हवं. संमतीपत्रावर कोणत्या प्रक्रियेला संमती घेतली ते असायला हवं : हाड बसवायला की नुसता पाय बांधायला? परिचारिकेच्या नोंदींत मॉर्फिया कधी आणि किती दिलं ते. डॉक्टरांनी सांगितलेली दोन इंजेक्शनं आणि दिलेलं एक, ही तफावत आजच्या औषधपत्रकावर दोन ओळींत उघडी पडली असती. आणि हाड बसवल्यावर जागेवर आलं का हे पाहायला प्लास्टरनंतरचा एक्स-रे. आधीचा आणि नंतरचा फोटो शेजारी ठेवले की ‘नुसतं बांधलं’ हे खरं की खोटं ते कुठल्याही अस्थितज्ज्ञाला सांगता येतं.

हे कागद मिळतात. २००२ च्या वैद्यकीय व्यावसायिक आचारसंहितेनुसार दाखल पेशंटचे कागद उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षं जपायचे असतात, आणि पेशंटने किंवा त्याने अधिकार दिलेल्या माणसाने मागितले की ७२ तासांत द्यायचे असतात. डिस्चार्ज कार्ड म्हणजे कागद नव्हेत. ते दोन पानांचं सार असतं, आणि सार लिहिणारा माणूस वादातला एक पक्ष असतो. पूर्ण केसपेपर मागायचे : डॉक्टरांच्या रोजच्या नोंदी, परिचारिकांच्या नोंदी, औषधांचा तक्ता, भूल आणि शस्त्रक्रियेच्या नोंदी, संमतीपत्रं, फोटो. मृत्यू झाला असेल आणि कारणाबद्दल शंका असेल तर शवविच्छेदनाला ‘नको, आणखी चिरफाड नको’ म्हणण्याआधी घरच्यांनी दहा मिनिटं एकत्र बसून विचार करावा. फॅट एम्बोलिझम की शॉक, या वादाचं उत्तर फुप्फुसाच्या तुकड्यात सूक्ष्मदर्शकाखाली शोधता येतं. तोंडी साक्षीत ते उत्तर बरीच वर्षं घेतं.

पोलिसांकडे जायचं का? राग आलेला असतो, नातेवाईक म्हणतात ‘आधी एफआयआर’. फौजदारीत माप वेगळं आहे. २००५ च्या जेकब मॅथ्यू निकालाने डॉक्टरला फौजदारी गुन्ह्यासाठी जबाबदार धरायचं तर निष्काळजीपणा ढोबळ, अतिशय मोठ्या प्रमाणातला हवा असं ठरवलं, आणि दुसऱ्या जाणकार डॉक्टरचं मत पाठीशी असल्याशिवाय खासगी फिर्याद दाखल करून घेऊ नये असंही. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ मध्ये नोंदणीकृत डॉक्टरच्या हातून उपचार करताना निष्काळजीपणाने मृत्यू झाल्यास दोन वर्षांपर्यंतची शिक्षा आहे, इतरांना पाच. जोशी-गोडबोले प्रकरण फौजदारी मापाने तोललं असतं तर? मला वाटतं टिकलं नसतं. दिवाणी पारडं झुकवायला पुरला तो पुरावा तिथे अपुरा पडला असता आणि डॉ. जोशी संशयाचा फायदा मिळून मोकळे झाले असते. गोडबोल्यांनी दिवाणी दावा लावला हे त्यांचं शहाणपण म्हणायचं, जरी तेव्हा त्यांना निवड फारशी नव्हती.

एक गोष्ट मात्र त्यांच्याजवळ होती जी आजही बहुतेकांजवळ नसते. वडील डॉक्टर होते. टोकं एकमेकांवर चढली आहेत म्हणजे काय, पिन का लागते, मॉर्फिया भूल नव्हे, हे त्यांना कुणी समजावून सांगायला नको होतं. साध्या माणसाला हे बोलणारा दुसरा डॉक्टर शोधावा लागतो, आणि त्याच गावातला डॉक्टर दुसऱ्या डॉक्टरविरुद्ध लेखी मत द्यायला सहजासहजी तयार होत नाही. २०१० मध्ये व्ही. किशन राव विरुद्ध निखिल सुपर स्पेशालिटी हॉस्पिटल या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की प्रत्येक प्रकरणात तज्ज्ञाचं मत हवंच असं नाही, चूक उघड दिसत असेल तर आयोगाने त्यावाचून अडू नये. ते सोयीचं आहे, पण बोळा राहिला अशा प्रकरणांना. हाड ओढल्याच्या प्रकरणाला तज्ज्ञ लागणारच. अशा वेळी दुसऱ्या जिल्ह्यातला, शक्यतो वैद्यकीय महाविद्यालयात शिकवणारा, त्याच विषयातला डॉक्टर गाठावा. त्याच्यापुढे ‘चूक झाली का?’ असा प्रश्न ठेवू नये, कारण त्याला तो अंगावर येतो. पूर्ण केसपेपर ठेवून एवढंच विचारावं : या अवस्थेतल्या पेशंटला तुम्ही थिएटरमध्ये नेण्याआधी काय केलं असतं, आणि या कागदांत ते दिसतंय का?